आठवीपर्यंतची शिक्षा

यापूर्वी शिक्षा झाली आहे का, असे न्यायाधीशांनी विचारले आणि आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या त्या मुलाने दोन्ही हात जोडून, नजर जमिनीवर ठेवून उत्तर दिले, "जी साहब, आठवीं तक."

ही गोष्ट १९८६ च्या पावसाळ्यातली आहे. पुणे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या न्यायालयात आमच्या वडिलोपार्जित शेताच्या वाटणीच्या दाव्याची तारीख होती आणि दादांना कागद वाचून दाखवायला कोणीतरी हवे, म्हणून मी त्यांच्याबरोबर गेले होते. तालुक्याला दिवाणी आणि फौजदारी कामे एकाच न्यायाधीशांपुढे चालत असल्यामुळे आमचा पुकारा होईपर्यंत मागच्या बाकावर बसून समोरचे सगळे ऐकणे भाग होते. मुलगा बिहारचा होता. बांधकामावरच्या सेंट्रिंगच्या प्लेटा चोरल्याचा आरोप त्याने कबूल केला होता आणि आता त्याला किती शिक्षा द्यायची एवढेच ठरायचे होते. त्याने ऐकलेला 'शिक्षा' हा शब्द त्याच्या हिंदीतला होता, आणि त्याच्या हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. आपण किती शिकलो आहोत हे साहेब विचारत आहेत, अशा समजुतीने त्याने खरे ते सांगितले होते. मागे दोघे-तिघे हसले. समोरच्या लेखनिकांनी मात्र 'जी' एवढेच ऐकले असावे, कारण त्यांची लेखणी कागदावर टेकली होती, आणि ती जे लिहिणार होती त्याचा अर्थ हा मुलगा सराईत आहे, असा होणार होता.

मी तेव्हा हिंदीत एम.ए. करत होते. मी दादांच्या कानात सांगितले, दादांनी आमच्या वकीलसाहेबांना सांगितले, आणि त्या वयोवृद्ध गृहस्थांनी, खटल्याशी काहीही संबंध नसताना, उठून न्यायाधीशांची परवानगी मागितली. मग न्यायाधीशांनी स्वतःच 'सजा' हा शब्द वापरून पुन्हा विचारले. "नहीं साहब, कभी नहीं," असे उत्तर आले आणि नोंद तशी झाली. त्या मुलाचे पुढे काय झाले ते मला माहीत नाही, कारण लगेच आमचा पुकारा झाला. बाहेर ओसरीवर वकीलसाहेब म्हणाले, "पोरी, आरोपीला न कळणाऱ्या भाषेत साक्ष झाली तर ती त्याला कळणाऱ्या भाषेत समजावून सांगितली पाहिजे, असे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २७९ मध्ये लिहिलेले आहे. दुभाष्याने खरेच सांगितले पाहिजे, असे कलम २८२ म्हणते. पण हिंदी काय, सगळ्यांनाच येते, असे आपण धरून चालतो."

हिंदी सगळ्यांनाच येते हे आपले धरून चालणे किती महाग पडू शकते, ते पुढे पस्तीस वर्षे केंद्र शासनाच्या पुण्यातल्या एका कार्यालयात अनुवादकाची नोकरी करताना मला रोज दिसत राहिले. जपानी किंवा रशियन समोर आली तर माणूस सावध असतो. ती आपल्याला येत नाही हे त्याला ठाऊक असते. मराठी आणि हिंदी यांची लिपी एक, निम्मा शब्दसंग्रह सामाईक, आणि म्हणूनच घात होतो. हिंदीतले 'संशोधन' म्हणजे कायद्यातली सुधारणा, मराठीतले संशोधन म्हणजे प्रयोगशाळेत चालते ते. हिंदीत 'चेष्टा' करणे म्हणजे प्रयत्न करणे. मराठीत चेष्टा केली तर समोरचा माणूस दुखावतो. हिंदीतली 'आपत्ति' म्हणजे हरकत, आणि मराठीतली आपत्ती आली म्हणजे पूर येतो किंवा दरड कोसळते. शासनाच्या कागदावर हे शब्द जेव्हा बेसावधपणे इकडून तिकडे जातात, तेव्हा त्याची किंमत तो कागद वाचणारा भरतो.

निवृत्तीनंतर मी दर रविवारी सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत दोन तास बसते. स्पर्धा परीक्षांसाठी मराठवाड्यातून, खानदेशातून, सोलापूर-सांगलीकडून आलेली मुले तिथे पहाटे सहापासून रात्री अकरापर्यंत असतात. अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या पुस्तकांचे ढीग, मेसचा डबा, चार्जिंगला लावलेले फोन आणि भिंतीवर भारताचा नकाशा. या मुलांच्या मराठी-हिंदी व्याकरणाच्या शंका मी सोडवते. गेल्या वर्षी परभणी जिल्ह्यातली एक मुलगी व्याकरणाची वही मिटून म्हणाली, "मॅडम, राज्यसेवेचा हा माझा तिसरा प्रयत्न. हिंदीत एम.ए. केले, हीच माझी चूक झाली का?"

तिच्या प्रश्नाने मला त्रास झाला, कारण तो तिचा एकटीचा नाही. भाषेत पदवी घेतलेल्या मुलांना आपण शिक्षक व्हा म्हणतो, नाहीतर जे सगळे करतात तेच करा म्हणतो. शासनाला भाषा जाणणारी माणसे भाषेसाठीच हवी असतात, हे त्यांच्या कानावर जातच नाही. केंद्राचा कर्मचारी निवड आयोग हिंदी अनुवादकांसाठी एक स्वतंत्र परीक्षा घेतो, हे या मुलीला तीन वर्षे पुण्यात राहून ठाऊक नव्हते.

म्हणून ती परीक्षा आधी नीट सांगते. केंद्र शासनाची मंत्रालये आणि त्यांची संलग्न कार्यालये यांच्यासाठी कनिष्ठ अनुवाद अधिकारी, कनिष्ठ अनुवादक, वरिष्ठ अनुवादक अशी पदे या एकत्रित परीक्षेतून भरली जातात. वयोमर्यादा सर्वसाधारणपणे १८ ते ३० असून राखीव प्रवर्गांना नियमाप्रमाणे सवलत आहे. पहिली प्रश्नपत्रिका संगणकावर सोडवायची असते. तीत सामान्य हिंदीचे १०० आणि सामान्य इंग्रजीचे १०० गुण असतात आणि चुकलेल्या प्रत्येक उत्तराला पाव गुण कापला जातो. दुसरी प्रश्नपत्रिका लेखी, २०० गुणांची, दोन तासांची. तीत हिंदीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून हिंदीत उतारे व दोन्ही भाषांत निबंध असतात. कनिष्ठ पदाला वेतनस्तर ६ म्हणजे ३५,४०० रुपये मूळ वेतन आणि वरिष्ठ पदाला वेतनस्तर ७ म्हणजे ४४,९०० रुपये. त्यावर महागाई भत्ता आणि इतर भत्ते वेगळे.

मुले अडखळतात ती पात्रतेच्या अटीवर. हिंदीत पदव्युत्तर पदवी असेल तर पदवीच्या पातळीवर इंग्रजी हा अनिवार्य किंवा ऐच्छिक विषय, अथवा परीक्षेचे माध्यम असावे लागते. इंग्रजीत पदव्युत्तर पदवी असेल तर हेच हिंदीच्या बाबतीत. अन्य विषयात पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांनाही, माध्यम आणि विषय यांच्या ठरावीक जोड्या जुळत असतील तर, दार उघडे आहे. याशिवाय अनुवादाची पदविका किंवा प्रमाणपत्र, नाहीतर शासकीय कार्यालयातला निदान दोन वर्षांचा अनुवादाचा अनुभव लागतो. जाहिरात आल्यावर पदविकेची आठवण होते आणि तोवर उशीर झालेला असतो. इग्नू या मुक्त विद्यापीठाची अनुवादाची पदव्युत्तर पदविका घरी बसून पूर्ण करता येते, आणि पुण्यात इग्नूचे विभागीय केंद्रही आहे. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षातच ती सुरू करावी, असे मी आता भेटेल त्या मुलाला सांगते. या परभणीच्या मुलीकडे ती पदविका नव्हती. पदवीच्या जुन्या गुणपत्रिका गावाकडून मागवून, त्यांत इंग्रजी कुठल्या नावाने नोंदले आहे हे तपासण्यात आमचे दोन रविवार गेले.

या नोकरीत रोज काय करावे लागते, हे कोणी सांगत नाही, म्हणून तेही लिहिते. राजभाषा अधिनियम १९६३ च्या कलम ३(३) प्रमाणे ठराव, सर्वसाधारण आदेश, नियम, अधिसूचना, प्रशासकीय अहवाल, प्रसिद्धिपत्रके, करार, परवाने, निविदा सूचना असे कागद हिंदी आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत एकाच वेळी निघावे लागतात, आणि त्या कागदावर सही करणाऱ्या अधिकाऱ्यावर ती जबाबदारी असते. १९७६ च्या राजभाषा नियमांनी हिंदीच्या वापरासाठी देशाचे क, ख, ग असे तीन प्रदेश पाडले असून महाराष्ट्र 'ख' प्रदेशात येतो, त्यामुळे केंद्राच्या इथल्या कार्यालयांत हिंदीतले काम बरेच आहे. पुणे हे तर केंद्रीय कार्यालयांचेच शहर आहे. लष्कराच्या दक्षिण मुख्यालयापासून खडकवासल्याच्या जल व विद्युत अनुसंधान केंद्रापर्यंत, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेपासून हवामान विभागापर्यंत कुठेही राजभाषेचे काम करणारे टेबल सापडेल. बँकांमध्ये हेच काम राजभाषा अधिकारी करतात आणि त्यांची भरती आयबीपीएस या बँक भरती संस्थेच्या विशेषज्ञ अधिकारी परीक्षेतून होते.

हे टेबल फार आकर्षक असते, असे मी म्हणणार नाही. वार्षिक अहवाल, निविदा, रबरी शिक्के, दारावरच्या पाट्या, तिमाही प्रगती अहवालांचे तक्ते, सप्टेंबरातला हिंदी पंधरवडा, आणि संसदीय राजभाषा समितीची पाहणी ठरली की महिनाभर रात्री आठपर्यंत चालणारी तयारी, असे वर्ष जाते. पदोन्नती उशिरा मिळते. अनुवादकाला टपालाच्या कामालाही लावले जाते. मला सर्वांत जास्त खटकत राहिले ते हे की, पुष्कळ अनुवाद कोणी वाचण्यासाठी मागवतच नाही. नियम पाळल्याची नोंद व्हावी म्हणून तो हवा असतो. आणि जे वाचले जाणार नाही ते कसेही लिहिले तरी चालते, ही सवय अनुवादकाला आतून पोखरते. नोकरीच्या पहिल्या पाच-सहा वर्षांत माझ्यात ती सवय शिरू लागली होती.

ती मोडली एका सूचनेमुळे. जमिनीसंबंधीची ती सूचना मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत तीन गावांत लावायची होती. हिंदी मसुदा माझा होता. मराठी मसुदा माझ्या हिंदीवरून कोणीतरी तयार केला आणि तपासायला माझ्याकडेच पाठवला. सायंकाळची वेळ होती, बस गाठायची होती. मी वरवर वाचून सही केली. दुसऱ्या दिवशी चक्रमुद्रणासाठी कागद घेऊन जाणारे आमचे शिपाईकाका माझ्या टेबलापाशी थांबले आणि म्हणाले, "बाई, यात तीस दिवसांच्या आत आपत्ती सादर कराव्यात असे लिहिले आहे. म्हणजे गावकऱ्यांनी नेमके काय करायचे?" काका मावळातले होते आणि धरणात त्यांच्या घरची जमीन गेलेली होती. मी 'आपत्ती' खोडून 'हरकती' लिहिले. तो कागद तसाच गेला असता, तर आपल्याला हरकत घेता येते एवढेही त्या तीन गावांतल्या कित्येकांना कळले नसते, आणि तीस दिवस निघून गेले असते. काकांचे उपकार मी कधी विसरले नाही. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत दुसऱ्या माणसाकडून मोठ्याने वाचून घेतल्याशिवाय मी एकही सूचना पुढे पाठवली नाही.

राज्य शासनाची वाट वेगळी आहे आणि मराठीवर प्रेम असणाऱ्याला ती अधिक जवळची वाटावी. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र स्थापन झाला आणि दोनच महिन्यांनी, ६ जुलैला, भाषा संचालनालय स्थापन झाले. पुण्यात त्याचे विभागीय कार्यालय आहे. राज्याचे अधिनियम आणि नियम, आयोगांचे अहवाल, अर्थसंकल्पीय प्रकाशने यांचा अनुवाद तिथे होतो. केंद्रीय अधिनियमांचे मराठी पाठही तिथे तयार होतात, आणि १९७३ च्या प्राधिकृत पाठांसंबंधीच्या केंद्रीय अधिनियमानुसार राष्ट्रपतींच्या प्राधिकाराने प्रसिद्ध झाल्यावर ते अधिकृत मानले जातात. आपण लिहिलेले मराठी वाक्य हाच कायदा ठरतो, असे दुसरे कुठले लेखन मला ठाऊक नाही. तिथे शैलीचे प्रश्नही जीवनमरणाचे होतात. इंग्रजी कायद्यातल्या 'शॅल'साठी 'करील' आणि 'मे'साठी 'करता येईल' ही शिस्त एका कलमात सुटली, तर अधिकाऱ्याचे कर्तव्य त्याच्या मर्जीवर जाऊन पडते.

या संचालनालयाच्या, सरकारी पदांची मराठी नावे देणाऱ्या पदनाम कोशाला आचार्य अत्र्यांनी 'बदनाम कोश' म्हटले, ही आठवण शासकीय मराठीचा विषय निघाला की पुण्यात हमखास निघते. अत्र्यांचा राग खोटा नव्हता. लोकांच्या तोंडी बसलेला शब्द काढून तिथे जड संस्कृत शब्द ठेवणे ही चूक आजही होते, आणि तिच्यामुळे खेड्यातला माणूस स्वतःच्याच भाषेतल्या अर्जापुढे हतबल होतो. तरीही संचालक, सचिव, अधीक्षक, लिपिक हे शब्द आज आपण सहज बोलतो ते कोणीतरी टेबलावर बसून ठरवले आणि टीका सोसून चालवले म्हणून. या पदांच्या जाहिराती दरवर्षी निघतात असे नाही, त्यामुळे लोकसेवा आयोगाच्या संकेतस्थळावर नजर ठेवावी लागते.

पुण्याला तर हे काम नवे नाहीच. पारसनीस हे आडनाव आपण ऐकतो, ते मुळात फारसीनवीस, म्हणजे दरबाराचा फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा. पेशवाईत ते पद होते. पुढे पद गेले आणि आडनाव उरले. शिवराज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ मध्ये, हेन्री ऑक्झिंडेन इंग्रजांचा वकील म्हणून रायगडावर आला तेव्हा त्याच्याबरोबर नारायण शेणवी हा दुभाषी होता. शनिवारवाड्यापासून जवळच असलेल्या विश्रामबागवाड्यात १८२१ साली संस्कृत पाठशाळा सुरू झाली आणि मेजर थॉमस कँडी पुढे तिचे प्रमुख झाले. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाला हातभार लावणारे हे गृहस्थ पुढे मुंबई सरकारचे मुख्य मराठी भाषांतरकार होते. मराठी वाक्यात स्वल्पविराम आणि अर्धविराम रुळवण्यात त्यांचा मोठा वाटा मानला जातो. आज मी हे वाक्य लिहिताना जो स्वल्पविराम देते आहे, तो एका सरकारी भाषांतरकाराच्या टेबलावरून आलेला आहे, ही गोष्ट मला अजूनही थक्क करते.

न्यायालयांकडे पुन्हा येते, कारण माझी वाट तिथूनच सुरू झाली. महाराष्ट्रातल्या जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे, तर उच्च न्यायालयाची भाषा संविधानाच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे इंग्रजी. खालच्या न्यायालयातला खटला अपिलात गेला की मराठी जबाब, पंचनामे, खरेदीखते, फेरफार हे सारे इंग्रजीत न्यावे लागते, आणि त्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात अनुवादक आणि दुभाष्यांची पदे आहेत. एम.ए.ला माझ्याबरोबर असलेली एक मैत्रीण तिथे अनेक वर्षे होती. ती सांगत असे की कायद्याचा शब्द अवघड नसतो, कारण तो कोशात सापडतो; अवघड असते ते साक्षीदाराचे बोलणे. "तो माझ्या अंगावर आला आणि तुला बघून घेतो म्हणाला," हे वाक्य इंग्रजीत शब्दशः नेले तर एक माणूस दुसऱ्याच्या शरीरावर आला आणि त्याने भेटण्याचे आश्वासन दिले, असे काहीतरी होते. अंगावर येण्यात स्पर्श झालेला नसतो, पण कायद्याच्या व्याख्येत तो हल्ला ठरू शकतो. बघून घेतो ही धमकी आहे आणि तो वेगळा गुन्हा आहे. दुसरीकडे, धमकी असे सरळ लिहून टाकले तर जो निष्कर्ष न्यायाधीशांनी काढायचा तो अनुवादकाने काढला, असे होते. म्हणून ती मूळ शब्द रोमन लिपीत तसेच ठेवून पुढे आशय देत असे. अशा एका ओळीवर तिचा अर्धा दिवस जाई आणि तो वाया गेला असे तिला कधी वाटले नाही.

दुभाष्याचे काम याहून कठीण, कारण त्याला अर्धा दिवस मिळत नाही. लोकसभेत १९६४ पासून भाषण चालू असतानाच ते दुसऱ्या भाषेत ऐकवण्याची सोय आहे. काचेच्या कक्षात बसलेला दुभाषी कानाने एक भाषा ऐकत असतो आणि तोंडाने दुसरी बोलत असतो. थकवा इतका येतो की थोड्या-थोड्या वेळाने माणसे बदलावी लागतात. हिंदीचे क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, इंग्रजीचे कर्त्याच्या मागोमाग. वक्ता शेवटी 'मानता हूँ' म्हणेल की 'नहीं मानता' म्हणेल हे कळण्याआधी दुभाष्याला तोंड उघडावे लागते. संसदीय दुभाष्याच्या निवडीत म्हणूनच वक्तृत्वाची आणि प्रत्यक्ष भाषांतराची चाचणी असते. २०१८ मध्ये राज्यसभेत संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या सर्व २२ भाषांतून बोलण्याची सोय झाली. मराठीत बोललेले वाक्य त्याच क्षणी दिल्लीत दुसऱ्या भाषेत पोहोचावे यासाठी चांगले मराठी दुभाषे लागतात, आणि असे काम अनेकदा मानधनावर दिले जाते, हे आपल्याकडच्या वक्तृत्व स्पर्धा गाजवणाऱ्या मुलांनी लक्षात घ्यावे. नुसत्या फर्ड्या वक्त्याचे मात्र हे काम नाही. त्याला स्वतःचे मत बाजूला ठेवून दुसऱ्याचे बोलणे त्याच्या आवेशासह सांगावे लागते.

परदेशी भाषांबद्दल थोडक्यात सांगते, कारण तो माझा प्रांत नाही. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी शिकलेल्या पुणेकरांच्या पिढ्या आहेत. त्यांतले बहुतेक कंपन्यांकडे जातात. परराष्ट्र मंत्रालयात दुभाष्यांचा स्वतंत्र संवर्ग आहे, ही गोष्ट त्यांच्या ध्यानीमनीही नसते. आकाशवाणीच्या प्रादेशिक वृत्तविभागात वृत्तनिवेदक-अनुवादकांचे हंगामी काम असते आणि वेळेवर, नेमके, ऐकताक्षणी कळणारे वाक्य लिहायला शिकवणारी त्यासारखी दुसरी शाळा नाही. सांकेतिक भाषेच्या दुभाष्यांची टंचाई तर मला अस्वस्थ करते. २०१३ च्या सुधारणेनंतर, बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराची साक्ष घेताना दुभाष्याचे किंवा विशेष शिक्षकाचे साहाय्य घेणे न्यायालयावर बंधनकारक झाले. दिल्लीत २०१५ साली भारतीय सांकेतिक भाषेची राष्ट्रीय संस्था उभी राहिली आणि दुभाष्यांसाठी दोन वर्षांची पदविकाही आहे. तरी भाषा हा विषय घेतलेल्या मुलांना ही सुद्धा एक भाषा आहे, असे सहसा कोणी सांगत नाही.

यंत्र आल्यावर हे सगळे उरेल का, हा प्रश्न अभ्यासिकेत दर रविवारी कोणीतरी विचारतेच. मी यंत्राच्या विरोधात नाही. राजभाषा विभागासाठी 'मंत्र' आणि नंतर 'कंठस्थ' या अनुवादाच्या प्रणाली पुण्याच्याच सी-डॅक या संगणक संस्थेने तयार केल्या आणि माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी 'कंठस्थ' वापरले. आधी केलेला अनुवाद ती लक्षात ठेवते आणि तसेच वाक्य पुन्हा आले की पुढे करते, त्यामुळे निविदा सूचनेतली तीच तीच वाक्ये पुन्हा लिहिण्याची कटकट गेली आणि विचार करायला वेळ मिळाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये 'सुवास' ही प्रणाली आणली, तिच्यामुळे निकाल भारतीय भाषांत येऊ लागले, हे फार चांगले झाले. पण जुन्या स्मृतीतून वाक्य उचलणारी प्रणाली जुनी चूकही तितक्याच विश्वासाने उचलते. शिपाईकाकांनी थांबवले नसते आणि ती 'आपत्ती' एकदा स्मृतीत शिरली असती, तर पुढच्या प्रत्येक सूचनेत ती आपोआप आली असती. तपासणाऱ्याची गरज यंत्रामुळे वाढली आहे, हे माझे अनुभवाचे मत आहे. आणि तपासणाऱ्याला मूळ अनुवादकापेक्षा अधिक भाषा यावी लागते. फक्त बदली शब्द टाकत राहणाऱ्याची जागा यंत्र घेईल, आणि त्याबद्दल मला हळहळ वाटत नाही.

तयारीबद्दल मुले मला पुस्तकांची नावे विचारतात. मी त्यांना रोज एक पान अनुवाद करायला सांगते, पण ते पान खरे असले पाहिजे: वीजबिलामागच्या सूचना, रेशन दुकानातला फलक, बँकेचा कर्जाचा अर्ज, वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस. केलेले पान आठ दिवस बाजूला ठेवायचे आणि मूळ न पाहता ते पुन्हा मूळ भाषेत न्यायचे. अर्थ कुठे गळला ते तिथे लगेच उघडे पडते. आणि आधी मराठी चांगली हवी. हिंदी-इंग्रजीच्या परीक्षेला मराठी कशाला, असे त्यांना वाटते. पण शब्दाची पारख माणूस पहिल्यांदा आपल्या भाषेत शिकतो. ज्याला 'ताबा' आणि 'वहिवाट' यांतला फरक जाणवत नाही, त्याला 'कब्जा' कुठे वापरावा हेही कळणार नाही.

हे शेवटचे उदाहरण मला त्या परभणीच्या मुलीमुळे सुचले. तिने पदविकेला प्रवेश घेतला आहे आणि राज्यसेवेचा अभ्यासही सोडलेला नाही. तो सोड असे मी तिला म्हटलेले नाही. गेल्या रविवारी तिने स्वतःच्या वडिलांच्या जमिनीची एक जुनी मराठी नोटीस हिंदीत करून आणली होती. तिचे हिंदी माझ्या त्या वयातल्या हिंदीपेक्षा स्वच्छ आहे. 'संशोधन', 'आपत्ति' हे खड्डे तिने चुकवले होते, तारखा आणि गट क्रमांक दोनदा तपासले होते. 'पूर्वापार वहिवाट' या दोन शब्दांपाशी मात्र तिने पेन्सिलीने गोल करून जागा कोरी सोडली होती.

"मॅडम, कब्जा लिहिले तर वडिलांनी ती जमीन बळकावली असे वाटते," ती म्हणाली. "उपभोग लिहिले तर त्यांनी नुसते पीक खाल्ले असे वाटते. आणि आमच्या आजोबांच्या आधीपासून आम्ही त्या बांधावरून जातो-येतो, ते यात कुठेच येत नाही."

आम्ही दोन कोश पाहिले, मी एका जुन्या सहकाऱ्याला फोन केला, आणि अभ्यासिकेची वेळ संपली तरी जागा कोरीच होती. शेवटी तिने 'वहिवाट' हा शब्द देवनागरीत तसाच लिहिला आणि त्याच्यापुढे, अनेक वर्षांपासून चालत आलेला वापर आणि जाण्या-येण्याचा हक्क, अशा अर्थाची सरळ हिंदी ओळ जोडली. ओळ थोडी लांब झाली आहे. पुढच्या रविवारपर्यंत ती आणखी आखूड करता येते का, ते आम्ही दोघी पाहणार आहोत.